माझ्या थोरल्या साडूंचं न वाजवलेलं रिव्हॉल्व्हर

माझ्या थोरल्या साडूंइतका उतावळा माणूस सबंध टेक्सासात दुसरा नसेल, आणि टेक्सास केवढं आहे हे ज्याने ते गाडीने ओलांडलंय त्यालाच ठाऊक. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढाच खरं तर आमच्यातला दुवा. पण अर्विंगमध्ये आमची घरं जवळजवळ होती आणि रविवारी सकाळी ते आमच्याकडे चहाला येत. येत म्हणजे घरातून वाहत जात. पुढच्या दाराने शिरत, बोलत बोलत स्वयंपाकघर गाठत, कुकरची दुसरी शिट्टी होते न होते तोच 'झालं असेल आता' म्हणून शेगडी बंद करत आणि कप घेऊन मागच्या अंगणात निघून जात. आम्ही त्या वर्षांत जेवढा अर्धाकच्चा भात खाल्ला तो सगळा त्यांच्या कृपेने. त्यांनी एकदा कुंडीत आंब्याची कोय लावली आणि रुजली की नाही ते पाहायला ती इतक्या वेळा उकरली की बिचारीला रुजायला सवडच मिळाली नाही. शेवटी 'इथल्या मातीत दम नाही' असा निकाल देऊन त्यांनी कुंडी धुऊन ठेवली. फोनवर ते 'हॅलो'च्या आधी 'ठेवतो' म्हणत. लग्नाची व्हिडिओ कॅसेट मागेपुढे पळवत पाहत, त्यामुळे आमच्या नात्यातल्या एका मुलीचं कन्यादान ते पाठवणीनंतर झालं असं अजून समजतात.

अशा माणसावर शहराच्या रस्तेखात्याने काम कोणतं सोपवावं, तर कुठल्या चौकातला लाल दिवा किती वेळ लाल राहावा हे ठरवायचं. ते शिकलेले इंजिनिअर होते, काम चोख करत, पण गाडीत त्यांच्या शेजारी बसणं ही शिक्षा होती. सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगवर बोटं वाजवत, आणि दिवा फारच लांबला तर माझ्याकडे वळून म्हणत, "धाकटे, हा माझा नव्हे." धाकटे म्हणजे मी. वयाने मी फार लहान नव्हतो, पण त्यांचं लग्न आधी झालं होतं.

त्यांच्या खात्यात अर्ल नावाचा एक उंच, म्हातारपणाकडे झुकलेला टेक्सन होता. हा इतका सावकाश की वाक्य सुरू करून मध्ये कॉफी ओतून घ्यायचा, साखर ढवळायचा आणि मग उरलेलं वाक्य पुरं करायचा. या दोघांची मैत्री कशी जमली हे खात्यातल्या लोकांनाही कळलं नव्हतं. अर्लने एका शनिवारी साडूंना आपल्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तिथे साडूंना पहिल्यांदा कळलं की काही गोष्टी घाईने करताच येत नाहीत, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाऊनही ते पटलं नाही. हात वर येतो न येतो तोच ते चाप ओढत. कागदावरचं लक्ष्य सोडून त्यांच्या गोळ्या बाकी सगळीकडे लागत. अर्ल मागे उभा राहून शांतपणे म्हणायचा, "दोस्ता, तो कागद कुठे पळून चाललेला नाही."

टेक्सास एकेकाळी स्वतंत्र देश झाला होता, त्याला दीडशे वर्षं झाली ते हे वर्ष. दुकानात जे म्हणून मिळेल त्यावर दीडशेचा आकडा होता. बशा, पट्ट्यांची बकलं, टोप्या, दारूच्या बाटल्या. साडूंनी त्याच वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं आणि त्या उत्साहात ते अर्लबरोबर एका बंदुकांच्या प्रदर्शनाला गेले. परत आले ते काखेत अक्रोडाच्या लाकडाची पेटी घेऊन. रविवारी ती पेटी आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडली गेली. वर काच, आत लाल मखमल आणि मखमलीच्या खोबणीत एक लांब नळीचं रिव्हॉल्व्हर. निळसर काळं पोलाद, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, मुठीवर पांढरा तारा. राज्याच्या दीडशेव्या वर्षाची आठवण म्हणून काढलेली मर्यादित आवृत्ती, सोबत तसं सांगणारं प्रमाणपत्र. माझ्या बायकोने पदराला हात पुसून ते जवळून पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, दागिनाच आहे की हो." साडू खूश झाले. मी हात पुढे केला तेव्हा मात्र त्यांनी झटकन काच मिटली.

"हात नाही लावायचा," ते म्हणाले. "घामातल्या मिठाने डाग पडतो."

"मग वाजवायचं कसं?"

"वाजवायचं नाहीच. नुसतं चक्रसुद्धा फिरवायचं नाही. गोळ्यांचं ते गोल चक्र एकदा जरी फिरलं तरी त्यावर बारीक रेघ उठते. रेघ उठली की संपलं, मग ते साधं जुनं रिव्हॉल्व्हर. विकणाऱ्याने बजावून सांगितलंय."

आयुष्यभर मिळेल ती वस्तू उघडून, फिरवून, हलवून पाहणाऱ्या या माणसाने अशी वस्तू घरात आणली होती की जिचं सगळं मोल तिला हात न लावण्यात होतं. तिथून साडूंची झोप उडाली. पेटी त्यांनी कुलपाच्या कपाटात ठेवली. मग येता-जाता कपाट उघडून ती जागेवर आहे का हे पाहायला लागले. मग पांढरे सुती हातमोजे आणले. मग हातमोज्यांचे धागे मखमलीला चिकटतात असं वाटून ते धुतले, धुतल्यावर आखडले म्हणून दुसरे आणले. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, फोनवर माझ्या बायकोला म्हणाली, "मीनल तान्ही होती तेव्हासुद्धा हे इतक्या वेळा उठले नव्हते गं."

त्याच्या पुढची दोन वर्षं मी फोनवर एकच वाद ऐकला, आणि त्या वादाच्या दोन्ही बाजू साडूच मांडत. सोमवारी फोन येई, "धाकटे, जपूनच ठेवायचं. मीनलच्या लग्नात देऊ. तोवर अशी पेटी कुणाकडे राहणार नाही." गुरुवारी येई, "काय मूर्खपणा आहे हो, बंदूक ती बंदूक. सतार भिंतीवर टांगून कुणी सतारिया होतं का? येत्या शनिवारी वाजवून टाकतो." शनिवारी ते पेटी घेऊन रेंजवर जात आणि तशीच परत आणत. सोन्याचा मुलामा उडेल, प्रमाणपत्राला अर्थ राहणार नाही, एकदा बार काढला की तो परत आत घालता येत नाही, अशी त्यांची कारणं असत. अर्लला मी एकदा विचारलं, जपून ठेवायचं की वाजवायचं. त्याने कॉफीचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

"माझ्या आजोबांच्या काळातली रिव्हॉल्व्हरं आज मोलाची का, ठाऊक आहे? लोकांनी ती वापरली, झिजवली, नदीत पाडली, म्हणून कोरी थोडीच उरली. आता हजारो लोकांनी एकसारख्या पेट्या घेतल्या आणि सगळेच काचेखाली जपतायत. सगळ्यांचीच कोरी राहणार. मग दुर्मीळ काय राहिलं?"

हे साडूंना फोनवर सांगितलं तेव्हा ते चक्क 'ठेवतो' म्हणायला विसरले. मग म्हणाले, "म्हणजे आता उलट वाजवलेलंच दुर्मीळ होणार म्हणता?" आणि पुढचा सबंध आठवडा त्यांनी तेवढ्यावर काढला.

मधल्या काळात खंडेनवमी आली. ताई दरवर्षी त्या दिवशी साडूंचे पाने, पक्कड, मोजपट्ट्या आणि स्वयंपाकघरातली विळी पाटावर मांडून पूजा करायची. त्या वर्षी तिने ठणकावून सांगितलं की घरात खरंखुरं शस्त्र असताना मी नुसती पक्कड पुजणार नाही. साडूंनी पुष्कळ विनवलं. कुंकू पोलादाला लागलं तर गेलंच, म्हणाले. शेवटी तडजोड अशी झाली की पेटी बंद ठेवायची आणि काचेवर पूजा करायची. ताईने काचेवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर ओलं झेंडूचं फूल ठेवलं. फुलाचं पाणी ओघळून लाकडावर गेलं आणि तिथे बोटभर डाग पडला. डाग जाईना म्हणून साडूंनी तिथे पॉलिश घासलं, मग तो भाग जास्त चकाकायला लागला म्हणून शेजारचा घासला, मग त्याच्या शेजारचा. पुढच्या रविवारी पाहिलं तर सबंध झाकणाचा रंग खालच्या पेटीपेक्षा फिकट झाला होता. ताई म्हणाली, "देवीने नाही काही केलं. यांनीच केलं."

आता मीनलबद्दल सांगायला हवं. ही साडूंची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली, तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात. मराठी सगळं समजायची, उत्तर बहुधा इंग्रजीत द्यायची, आणि स्वभावाने बापाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. एका जागी बसली की दुपार टळली तरी तिचं पुस्तक आणि ती तिथेच. "ही नक्की आपलीच ना?" असं साडू ताईला अधूनमधून विचारत. रेंजवर तिला पहिल्यांदा पाठवलं ते ताईने, नवऱ्यावर नजर ठेवायला. त्या शनिवारी मीही बरोबर गेलो होतो. अर्लने सहज तिच्या हातात आपलं एक हलकं पिस्तूल दिलं, कसं धरायचं ते दाखवलं. ती कानावर आवाज अडवणारा मफ चढवून उभी राहिली आणि उभीच राहिली. मला वाटलं घाबरली. मग एक बार झाला, मग तेवढाच वेळ जाऊन दुसरा. अर्लने कागद ओढून आणला. सगळी भोकं एका बशीत मावतील अशी होती. तो साडूंना म्हणाला, "हिला थांबता येतं. हे शिकवता येत नाही."

त्या दिवसापासून शनिवार बापलेकीचा झाला. साडू स्वतः गोळ्या झाडण्याचं जवळजवळ सोडूनच बसले. मागच्या बाकावर बसत आणि तिचा श्वास कसा आत जातो, कसा बाहेर येतो हे पाहत. बाकावरसुद्धा त्यांचे पाय हलत असत, पण नजर हलत नसे. येताना ते कुठेतरी गाडी थांबवून तिला मिल्कशेक घेऊन देत. गाडीत काय बोलता, असं मी मीनलला एकदा विचारलं. ती म्हणाली, "काका, बाबा बोलतात. मी ऐकते. इट्स नाइस."

आणि मग तिने कॉलेजसाठी बॉस्टनकडे जायचं ठरवलं. इथल्याच एका युनिव्हर्सिटीत जाईल, घरातून ये-जा करेल, असं साडूंनी मनाशी धरलं होतं. त्यांनी नको म्हटलं नाही. त्यांनी एवढंच केलं की गाडीचं ऑइल आठवड्यापूर्वीच बदललेलं असताना पुन्हा बदललं, गॅरेज रिकामं करून पुन्हा भरलं, अंगणाचं कुंपण काढून फूटभर पलीकडे लावलं, मग शेजाऱ्याने हद्द दाखवल्यावर परत मूळ जागी आणलं. तो सबंध उन्हाळा त्यांच्या घरातून हातोड्याचा आवाज यायचा. माझी बायको म्हणायची, जाऊन बसा ना जरा त्यांच्याजवळ. मी जायचो, पण बसायचं कुणाजवळ? ते शिडीवर असत.

ती जायच्या आदल्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. ताईने पुरणपोळी केली होती. जेवणं झाल्यावर साडू उठले, कपाट उघडलं, पेटी आणून मीनलसमोर ठेवली. हातमोजे घालून काच वर केली.

"हे तुझं," ते म्हणाले. "लग्न झालं, स्वतःचं घर झालं, की घेऊन जायचं. तोवर मी सांभाळतो."

मीनलने रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, मग बापाच्या पांढऱ्या हातमोज्यांकडे.

"बाबा, यू नेव्हर शॉट इट."

"नाहीच. म्हणून तर कोरं आहे."

"मग मला नको." हे तिने मराठीत म्हटलं, म्हणून सगळे तिच्याकडे पाहायला लागले. तिला शब्द जुळवायला वेळ लागत होता. "म्हणजे, थँक यू. पण मी हे घरी नेणार आणि मीसुद्धा नुसतं बघत राहणार. मला तुमची आठवण आली तर मी ह्याच्याकडे बघून काय आठवू? तुम्ही कपाट उघडलं, कपाट बंद केलं?"

ताई म्हणाली, "मिनू, असं बोलू नये." साडूंनी काच मिटली, पेटी उचलली आणि बाहेर गेले. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, इंजिन सुरू झालं, पण गाडी हलली नाही. थोड्या वेळाने भोंगा वाजला. मीनल उठली, माझा दंड धरून म्हणाली, "काका, तुम्ही पण चला. प्लीज."

रेंजवर दुपारच्या उन्हात कुणी नव्हतं, एक अर्ल होता. त्याला साडूंनी वाटेत थांबून फोन केला होता. त्याने पेटीतलं रिव्हॉल्व्हर उघड्या हातांनी उचललं, नळीतून पाहिलं, आणि मग, आमच्या तिघांच्या देखत, अंगठ्याने चक्र फिरवलं. खटखट असा बारीक आवाज झाला. साडूंनी डोळे मिटून घेतले. अर्ल म्हणाला, "उत्तम आहे. ह्याला कुणी सांगितलेलंच नाही की हे दागिना आहे."

मीनलने पहिली गोळी झाडावी असं साडूंचं म्हणणं. ती म्हणाली, आधी तुम्ही. साडूंनी हातमोजे काढले, नीट घडी करून खिशात ठेवले, मफ चढवला आणि रिव्हॉल्व्हर उचललं. नेहमीप्रमाणे हात वर गेला, बोट चापावर आलं. तेवढ्यात मीनल त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने त्यांच्या कोपराखाली आपला तळवा धरला आणि मफमधून ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली,

"बाबा, थांबा."

ते थांबले.

"श्वास सोडा. अजून नाही. अजून थांबा."

नळीचं टोक आधी थरथरत होतं, ते हळूहळू एका जागी आलं. मी मागून पाहत होतो. ज्या माणसाने आजवर चहा निवण्याची वाट पाहिली नव्हती तो हात लांबवून उभा होता आणि त्याचे पाय, खांदे, मान, काही म्हणता काही हलत नव्हतं. त्यांना आता नेम धरायला वेळ लागत नव्हता, हे मला दिसत होतं. त्यांना बार काढायचाच नव्हता. तिचा हात कोपराखाली होता तोवर त्यांना तसंच उभं राहायचं होतं. मीनललाही ते कळलं असावं, कारण तिनेही पुढे काही म्हटलं नाही. अर्लने टोपी काढून घाम पुसला. शेवटी साडूंनीच विचारलं,

"सोडू?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा, बाबा."

बार झाला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा होता. कागदाच्या मधल्या काळ्या ठिपक्यात नाही, पण त्याच्या अगदी शेजारी भोक पडलं होतं. साडूंचा तो आयुष्यातला सगळ्यात चांगला नेम. त्यांनी रिव्हॉल्व्हर स्वतःच्या हाताने खाली ठेवलं, मीनलला जागा करून दिली आणि बाकावर येऊन माझ्या शेजारी बसले. उरलेल्या गोळ्या तिने झाडल्या. त्या कुठे लागल्या हे आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. साडू चष्मा पुसत होते आणि मी चष्मा लावत नसल्यामुळे माझी जरा अडचण झाली होती.

चक्रावर रेघ उठली, आणि कापडाने कितीही पुसली तरी गेली नाही. पुढे एका प्रदर्शनात साडूंनी सहज त्या विकणाऱ्याला गाठून विचारलं, तर त्याने रेघेवर बोट ठेवून नकारार्थी मान हलवली. पण त्याच्याच टेबलावर तसल्या चार-पाच कोऱ्या पेट्या पडून होत्या आणि त्यांच्याकडेही कुणी ढुंकून पाहत नव्हतं. साडूंनी हे मला सांगितलं, पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता, हरल्याचाही नव्हता. सोमवार-गुरुवारचे ते फोन बंद झाले होते. माझी बायको म्हणाली, घर कसं शांत वाटतं. आणि मग म्हणाली, फारच वाटतं.

शनिवारी ते मला रेंजवर घेऊन जायला लागले. मला त्यातलं काही येत नाही. मी मागच्या बाकावर बसून थर्मासमधली कॉफी पितो. साडू ते रिव्हॉल्व्हर काढतात, गोळ्या भरतात, आणि पूर्वीसारखेच भराभर झाडून मोकळे होतात. पण एक गोळी ते मागे ठेवतात. ती भरली की मात्र हात वर नेऊन उभे राहतात, नळी हळूहळू एका जागी येते, आणि मग ते तसेच उभे असतात. परवा मी पाहिलं, त्यांनी मान किंचित मागे वळवली होती, मफ लावलेला कान माझ्या बाजूला करून, कुणी हाक मारली तर कळावं तशी. मी कप खाली ठेवला. काहीतरी म्हणावं असं मला फार वाटलं, पण माझ्याकडून ते त्यांना नको असणार.

थोड्या वेळाने त्यांनी हात खाली आणला, गोळी न झाडताच काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "चला धाकटे. तिकडे बॉस्टनला एक तास पुढे असतं. आत्तापर्यंत उठली असेल."